दारावरची पेन्सिल

डावरीची आणि माझी ओळख माझ्या यजमानांमुळे झाली. ते रंगकामाचे मिस्त्री होते. सगळे जण त्यांना मिस्त्री म्हणत, म्हणून मीही येथे तसेच लिहिते. एके दिवशी दुपारी ते तिला घरी घेऊन आले आणि मला म्हणाले, "ही डावरी. हिचा हात बघ." मी हात पाहिला. नखे तुटलेली, करंगळी थोडी वाकडी, मनगटापर्यंत पांढऱ्या रंगाचे शिंतोडे, असा तो सामान्य हात होता. मिस्त्रींचे बोलणे तिच्या कामाविषयी होते हे मला समजत होते. परंतु लग्नाला तीस वर्षे झालेल्या नवऱ्याने बायकोला दुसऱ्या बाईचा हात बघायला सांगावे, हे मला त्याच क्षणी खुपले.

या लिखाणात माझा मत्सर पुष्कळ आहे, हे आधीच सांगते. तो वगळून डावरीविषयी लिहिता येते का, हे मी दोन वेळा करून पाहिले. दोन्ही वेळा ते खोटे वाटले, म्हणून ते कागद मी फाडले.

ती डाव्या हाताने काम करीत असे, म्हणून तिला डावरी म्हणत. तिचा नवरा रंगारी होता. रंगाच्या वासाने आणि विड्यांनी त्याची छाती निकामी झाली आणि त्याने अंथरूण धरले. तोपर्यंत डावरीने फक्त त्याचे ब्रश धुतले होते. पुढे तेच ब्रश पिशवीत घालून ती सकाळी चौकात जाऊन उभी राहू लागली. या चौकात मजूर उभे राहतात आणि काम देणारे त्यांना निवडून घेऊन जातात. पहिले वर्षभर तिच्या हाती कोणी ब्रश दिला नाही. झाडणे, फरशीवरचे डाग खरवडणे, पाणी आणणे, एवढेच काम तिला मिळे.

मिस्त्रींच्या एका कामावर ती अशीच झाडायला आली होती. खिडकीची चौकट रंगवणारा माणूस त्या दिवशी आला नाही. सगळे जेवायला बसले तेव्हा डावरीने न विचारता ती चौकट रंगवून टाकली. मिस्त्रींनी येऊन विचारले, "हे कोणी केलं?" तेव्हा ती म्हणाली, "मी. चुकलं असेल तर पुसते, अजून ओलं आहे." मिस्त्री चौकटीजवळ वाकले आणि म्हणाले, "पुसू नको."

ही गोष्ट मिस्त्रींनी मला चार वेळा सांगितली. प्रत्येक वेळी "पुसू नको" म्हणताना त्यांचा आवाज मऊ होत असे. माझ्याशी तसा आवाज त्यांनी कधी काढल्याचे मला आठवत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी मिस्त्री शिडीवरून पडले. हाड जुळले, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तेव्हापासून डावरीवाचून त्यांचे पान हलेना. जेवताना तिचेच बोलणे. एकदा घास तोंडाजवळ थांबवून ते म्हणाले, "ती डावी, मी उजवा. दोघांनी मिळून एकच दार धरलं ना, तर कोपराला कोपर लागत नाही. असा जोडीदार मिळायला नशीब लागतं."

मी म्हणाले, "जोडीदार?"

"म्हणजे कामातला गं."

"मी कुठे काय म्हणाले? आणखी वाढू का?"

"वाढ. आणि चेहरा नीट कर. कच्चा प्रायमर लावल्यासारखा झालाय."

आणखी एक गोष्ट होती. कामावरचे इतर लोक त्यांना दादा म्हणत. डावरी मात्र मिस्त्री म्हणे. "मिस्त्री, हे बघा. मिस्त्री, हे चालेल का?" ती त्यांना दादा म्हणाली असती तर मला रात्री झोप बरी लागली असती. मला ती वहिनी म्हणत असे. त्यांना दादा न म्हणता मला वहिनी कसे म्हणता येते, हा हिशेब मला सुटत नसे.

शेजारी एक शिवणकाम करणारी बाई राहत असे. तिची सुई कापडापेक्षा माणसांना जास्त टोचत असे. ती मला म्हणाली, "तुमचे मिस्त्री आजकाल इस्त्रीचा सदरा घालून रंगकामाला जातात, खरं का?"

"एकच दिवस घातला होता. पाहुणे यायचे होते."

"असेल, असेल. मी आपली विचारते. मला काय, मी बटण लावून दिलं."

आता दाराचे सांगते. आमच्या मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला एक दार होते. घर घेतले तेव्हा पैसे कमी पडले, म्हणून मिस्त्रींनी ते एका पाडलेल्या दवाखान्यातून आणून बसवले होते. दार जड आणि चांगल्या लाकडाचे होते, परंतु त्याचा पृष्ठभाग फार वाईट होता. एका बाजूला जुन्या बिजागऱ्यांच्या खाचा. मधोमध काढून टाकलेल्या कुलपाचे भोक, त्यात कोणीतरी लाकडाचा तुकडा ठोकलेला. खाली रुग्णांच्या ढकलगाडीची चाके आदळून पडलेले खड्डे. त्यावर हिरवा, तपकिरी आणि पिवळट अशा तीन रंगांचे थर, कोठे सुटलेले, कोठे फुगलेले. सव्वीस वर्षे मी सांगत होते की या दाराला रंग द्या. सव्वीस वर्षे मिस्त्री म्हणत होते, "आपलंच आहे, होईल." गावभरची दारे रंगवून ते घरी येत आणि त्याच दारातून आत येऊन जेवायला बसत.

मग त्यांना एका जुन्या शाळेचे काम मिळाले. शाळेत बेचाळीस दारे होती आणि सगळी आमच्या दारासारखीच खडबडीत होती. मिस्त्रींना स्वतः शिडीवर चढता येत नव्हते, म्हणून कामावर प्रमुख माणूस नेमणे भाग होते. त्यांचा एक भाचा होता, चाळिशीचा, चांगला रंगारी. दुसरी डावरी होती. प्रमुखाचे काम मिळाले तर डावरीला पुन्हा चौकात उभे राहावे लागणार नव्हते. एका शाळेवरून दुसरी शाळा मिळते, असे मिस्त्री सांगत.

ते तिला म्हणाले, "भाचा माझा आहे, तू नाहीस. तुला नेमलं तर लोक बोलतील. तेव्हा माझ्या घरचं दार कर. ते दार ज्याला जमेल त्याला बेचाळीस जमतील. मी भाच्याला तेच दाखवून गप्प करीन."

अशा रीतीने जे दार मी सव्वीस वर्षे मागत होते, ते तिला एका वाक्यात मिळाले.

ती सोमवारी आली. अंगात नवऱ्याचा जुना सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस फडक्यात बांधलेले. मी मुद्दाम स्वयंपाकघरातच बसून राहिले. तिने पत्र्याच्या पट्टीने सुटलेला रंग खरवडला. घट्ट बसलेल्या रंगाला मात्र तिने हात लावला नाही. मी म्हणाले, "सगळा काढत नाहीस का? अर्धवट दिसतंय."

ती म्हणाली, "वहिनी, जो धरून बसलाय त्याला कशाला उठवायचं? काठ तेवढे घासायचे, म्हणजे पायरी राहत नाही."

मला वाटले, हे वाक्य मलाच उद्देशून आहे. तसे ते नव्हते. परंतु त्या दिवसांत मला प्रत्येक वाक्यात काटा दिसत असे.

ती डोळे मिटून दारावर तळहात फिरवीत असे. वरून खाली, मग आडवा. मधेच थांबे, बोटाने दाबून पाही. त्यानंतर विजेरी दाराला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडी. समोरून सपाट दिसणाऱ्या दारावर त्या उजेडात लगेच सावल्या पडत, जणू मैदानावर टेकड्या उगवल्या. मी सव्वीस वर्षे ते दार पुसत होते, पण मला ते असे कधी दिसले नव्हते. ते पाहून मला कौतुक वाटायला हवे होते. मला राग आला. माझ्या घरातली वस्तू हिला माझ्यापेक्षा जास्त माहीत झाली, असे वाटले.

खड्डे भरण्याच्या लगद्याला हे लोक लांबी म्हणतात. डावरी लांबी पातळ लावी, वाळू देई, घाशी, आणि पुन्हा लावी. एकदाच जाड का भरत नाहीस असे मी विचारले. ती म्हणाली, "जाड भरली की वरून वाळते, आत ओली राहते. मग महिन्याभरात बसते आणि खड्डा जिथल्या तिथे." मिस्त्री खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांनी मान डोलावली.

रंग कोणता द्यायचा यावरूनही झाले. शिवणकामवालीच्या घरचे दार आरशासारखे चकचकीत होते. मी म्हणाले, "मला चकचकीत हवा."

डावरी म्हणाली, "या दाराला चकचकीत नको, वहिनी. चकचकीत रंग चहाडखोर असतो. आतलं सगळं बाहेर सांगतो. मंद रंग पोटात ठेवतो."

मी मिस्त्रींकडे पाहिले. ते म्हणाले, "ती म्हणते ते बरोबर आहे."

"दार कोणाच्या घरचं आहे?"

"तुझ्या घरचं. म्हणून तर चांगलं व्हावं म्हणतोय."

शेवटी फिकट हिरवा मंद रंग ठरला. हिरवा तेवढा माझा होता.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत दारावर रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचा एक थर, म्हणजे एक हात, बसला होता. डावरीने जाण्यापूर्वी विजेरी लावून दार पुन्हा तपासले आणि पेन्सिलीने त्यावर ठिकठिकाणी बारीक अक्षरांत काही लिहिले. काही ठिकाणी गोल काढले. ती गेल्यावर मिस्त्री चष्मा लावून दारापाशी गेले. ते वाचू लागले. एका ठिकाणी थांबले आणि गालातल्या गालात हसले. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि तिच्या अक्षरांखाली स्वतः काही लिहिले. पुन्हा एकदा हसले.

मला त्या वेळी वाचता येत नव्हते. मी अक्षरे शिकले ती पुढे, साठी उलटल्यावर. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या बाजूने उभी राहून बघत होते की माझ्या नवऱ्याने माझ्याच दारावर दुसऱ्या बाईच्या लिखाणाखाली लिहिले, आणि तो हसला.

मी विचारले, "काय लिहिलंय तिने?"

ते म्हणाले, "कामाचं आहे गं. तुला काय सांगू?"

"तुला काय सांगू" हे तीन शब्द मी रात्रभर उशाशी घेऊन पडले होते. मिस्त्री शांत झोपले होते. माझ्या अंगाची आग होत होती.

शुक्रवारी सकाळी मिस्त्री शाळेची दारे मोजायला गेले. डावरी यायला अवकाश होता. मी दारासमोर उभी राहिले. अक्षरे माझ्याकडे बघत होती आणि मला काही सांगत नव्हती. मी स्वयंपाकघरातले हाताचे फडके घेतले आणि ती सगळी अक्षरे पुसून काढली. वर हात उंचावून, रेटून, गोल गोल पुसली. तिची पुसली आणि त्यांचीही पुसली. अस्तराचा रंग मंद असल्यामुळे पेन्सिल लवकर जाईना, म्हणून मी फडके घट्ट दाबून घासले. सर्व पांढरे झाल्यावर मला फार हलके वाटले.

मी तेव्हा एक विचार केला नाही. त्याच फडक्याने मी दररोज तव्याचे काठ आणि तेलाच्या बरणीचे बूड पुसत असे.

डावरी आली आणि दारासमोर थबकली. "कुणी पुसलं?"

"धूळ बसली होती. झटकली."

विजेरी घेऊन तिने सगळ्या खुणा आठवणीने पुन्हा शोधल्या, तेवढ्या जागा भरल्या, वाळल्यावर घासल्या, आणि दुपारनंतर रंगाचा पहिला हात दिला. हात देताना ती ब्रश वरून खाली एकाच दमात आणीत असे. दार हिरवे होत गेले. मी कबूल करते की ते सुंदर दिसत होते.

अर्ध्या तासाने रंग फाटू लागला. म्हणजे असे की ओला रंग एकसंध न राहता जागोजागी मागे सरला आणि त्यात बारीक गोल डोळे पडले. आधी वरच्या चौकटीत, मग कुलपाच्या जागेभोवती. डावरीने ब्रशने पुन्हा सारवून पाहिले. डोळे पुन्हा उघडले. असे शेकडो डोळे माझ्याकडे बघू लागले. ते कोठे कोठे उघडत होते, हे मला डावरीपेक्षा आधी समजले.

संध्याकाळी मिस्त्री आले. दार पाहून ते खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच डावरीला म्हणाले, "रंग देण्याआधी दार कशानं पुसलंस?"

"कोरड्या फडक्यानं."

"कोरड्या फडक्यानं असं होत नाही. तेलकट हात लागलाय. डबा खाऊन हात न धुता आलीस?"

"धुतले होते."

"मग काय दारानं तेल प्यायलं? पहिल्या दिवशी आलेला पोरगासुद्धा ही चूक करणार नाही. बेचाळीस दारांवर असं झालं तर मला तोंड लपवून फिरावं लागेल." ते थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी शाळेला माणूस द्यायचाय. भाच्याला सांगतो. तू मनाला लावून घेऊ नको."

डावरी ब्रश धूत होती. ती म्हणाली, "उद्या येऊन हे खरवडून जाते. असं सोडायचं नाही."

मी तेथेच उभी होते. बोलले नाही. मला वाईट वाटले का? वाटले. परंतु त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती लिहिल्याशिवाय हे खरे होणार नाही. मिस्त्री तिच्यावर चिडले, हे मला गोड लागले. त्या रात्री ते जेवताना तिच्याविषयी एक शब्द बोलले नाहीत. घर माझे मला परत मिळाल्यासारखे झाले. मी त्यांना दोनदा वाढले.

शनिवारी सकाळी डावरी आली. मिस्त्री भाच्याकडे गेले होते. रंग अजून चिकटत होता. तिने टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली, पण दाराला लावली नाही. म्हणाली, "वहिनी, इकडे या जरा."

मी गेले. तिने विजेरी आडवी धरली. फाटलेल्या रंगात फडक्याचे फराटे स्पष्ट दिसत होते, गोल गोल, कमानीसारखे.

"बघा. मी डावी. मी पुसलं तर कमान या बाजूला वळते." तिने हवेत डावा हात फिरवून दाखवला. "ही कमान त्या बाजूला वळलीय. उजव्या हाताची आहे. आणि आहे डोक्याच्या वर. मिस्त्रींचा हात खांद्याच्या वर जात नाही."

घरात तिसरे कोणी नव्हते. मी खाली बघितले.

"का पुसलंत?"

"काय लिहीत होता तुम्ही एकमेकांना?" माझा आवाज चढला. "माझ्या घरात, माझ्या दारावर? ते वाचून हसत होते. मला वाचता येत नाही म्हणून काय मला दिसतही नाही?"

मला वाटले, आता ही चिडेल किंवा रडेल. तिने चिंधी खाली ठेवली आणि दारावर बोट ठेवून, जेथे जे होते ते तेथे पाठ म्हणून दाखवले.

"इथे लिहिलं होतं, नखाएवढा खड्डा, परत भरणे. इथे, बिजागरीच्या खाचेवर उंचवटा, घासणे. इथे, खाली, दोन हात हवेत. आणि इथे कुलपाच्या भोकावर मी लिहिलं होतं, बसले. म्हणजे लांबी आत दबलीय."

"आणि त्यांनी?"

"त्यांनी खाली काय लिहिलं ते मी वाचायच्या आत तुम्ही पुसलंत. ते नेहमी माझ्या खुणांखाली लिहितात, म्हणून काल जाताना मीच विचारलं. म्हणाले, लिहिलं होतं, बसले नाही, चष्मा घे."

"चष्मा घे?"

"चष्मा घे. दोन वर्षं तेच सांगतात मला. मी म्हणते, चाळिशीत कुठे चष्मा."

मला येथे लिहिता आले असते की हे ऐकून माझा मत्सर गेला. तसे झाले नाही. तो वाढला. प्रेमाचे काही लिहिले असते तर मला भांडता आले असते. परंतु एका जुन्या कुलपाच्या भोकाविषयी दोन माणसे इतक्या मनापासून वाद घालतात आणि त्यात हसतात, आणि माझ्याशी सव्वीस वर्षांत कोणत्याही भोकाविषयी कोणी असे बोलले नाही, हे मला सोसवेना.

मी म्हणाले, "मग सांग जा त्यांना. सांग, बायकोनं पुसलं."

"मी नाही सांगणार."

"का? काम जातंय तुझं."

"गेलं तर चौक आहे. उभं राहायची सवय आहे मला." तिने चिंधी पुन्हा उचलली. "पण डावरीनं मिस्त्रींच्या घरात भांडण लावलं, असं नको. सरका वहिनी, वास डोक्यात जाईल."

तिने सगळा रंग काढला, दार पांढरे केले, भांडी आणि ब्रश पिशवीत भरले आणि ती निघून गेली. जाताना तिने माझ्या हातातला चहा घेतला. उभ्यानेच प्याली. त्या कपात मी साखर घालायला विसरले होते. तेही ती बोलली नाही.

रविवारचा सबंध दिवस मी बेचैन होते. ती न बोलता मोठी झाली होती आणि मी तिच्या उपकाराखाली दबले होते. कामात ती माझ्यापुढे, मिस्त्रींच्या बोलण्यात ती माझ्यापुढे, आणि आता चांगुलपणातही ती माझ्यापुढे. एवढे मला नको होते. मी संध्याकाळी मिस्त्रींसमोर जाऊन बसले. पश्चात्तापाने गेले असे कोणी समजू नये. तिला आणखी एका गोष्टीत पुढे जाऊ द्यायचे नाही, म्हणून मी गेले.

"अहो, दार मी पुसलं होतं. तव्याच्या फडक्यानं."

"का?"

"तुम्ही हसलात म्हणून."

त्यांनी दाराकडे बघितले, माझ्याकडे बघितले. "चष्म्यासाठी? अगं, चष्म्यासाठी तू एका माणसाचं काम घालवलंस?"

"मला काय माहीत चष्मा होता ते? विचारलं तर म्हणालात, तुला काय सांगू."

त्यावर त्यांनी मान खाली घातली. मी त्यांना मान खाली घातलेले फार कमी वेळा पाहिले आहे. मग म्हणाले, "ते माझं चुकलं. पण फडकं तुझं. उद्या सकाळी चौकात तूच जा."

"तुम्ही भाच्याला शब्द दिलाय ना?"

"भाच्याला मी बघतो. तू चौकात जा."

मी सोमवारी सकाळी त्या चौकात गेले. पन्नास-साठ माणसे उभी होती. सगळ्यांत मागे, बंद दुकानाच्या पायरीजवळ, पिशवी पायांत धरून डावरी उभी होती. एक माणूस तिला विचारत होता, "झाडायला येणार का?" ती येते म्हणत होती. मी मधे घुसले.

"ती झाडायला येणार नाही. तिला शाळेचं काम आहे."

"वहिनी?"

"दार माझ्यामुळे बिघडलं," मी म्हणाले. ते मी मोठ्याने म्हणाले, कारण मिस्त्री तिला रागावले तेव्हा त्यांचा आवाज मोठा होता. आजूबाजूची माणसे बघू लागली. एक जण म्हणाला, "कसलं दार हो आजी?" मी त्या वेळी आजी नव्हते. परंतु भांडण्याची ती वेळ नव्हती. "मी सांगितलंय त्यांना. चल. आधी आमचं दार पुरं कर, मग शाळा."

तिने पिशवी उचलली. वाटेत ती एवढेच म्हणाली, "साखर घालणार असाल तर चहा घेईन."

भाचा महिनाभर आमच्याकडे फिरकला नाही. डावरीने शाळेची बेचाळीस दारे केली, आणि त्यानंतर अकरा वर्षे ती मिस्त्रींच्या कामांवर प्रमुख होती. तिने चष्मा घेतला. तिचा नवरा गेला, तेव्हा ती चौथ्या दिवशी कामावर आली आणि कोणी सांत्वन करू लागले की म्हणे, "रंग वाळतोय, नंतर." तिच्या हाताखाली पुढे तीन बायका तयार झाल्या. मिस्त्री त्यांचेही कौतुक करीत, पण डावरीचे करीत तसे नाही. मला फरक ऐकू येत असे.

मिस्त्री वारले तेव्हा ती आली आणि भिंतीला टेकून बसली. मी रडत होते आणि रडताना माझे लक्ष तिच्याकडे होते, की ती माझ्यापेक्षा जास्त रडते का. हे लिहिताना मला लाज वाटते. ती रडली नाही. घरी जाऊन रडली असेल.

अजूनही ती वर्षातून एकदोनदा येते. आम्ही मैत्रिणी आहोत असे मी म्हणणार नाही. ज्या माणसाबरोबर मी संसार केला, त्याचा एक मोठा भाग तिला ठाऊक आहे आणि मला नाही. ती बोलू लागली की मी कान देऊन ऐकते आणि आतून जळतेही. दोन्ही एकाच वेळी होते.

चौकातून आणले त्या आठवड्यात तिने आमचे दार पुरे केले. शेवटचा हात दिला तो गुरुवार होता. या वेळी रंग कोठेही फाटला नाही. आडव्या उजेडात अजून बारीक उंचसखलपणा दिसत होता, परंतु समोरून दार शांत दिसत होते. मिस्त्रींनी तळहात फिरवण्यासाठी डावा हात पुढे केला आणि रंग ओला आहे हे आठवून मागे घेतला. डावरीने ब्रश धुतला, हात पुसले, आणि घरात मिस्त्री असताना ती त्यांच्याकडे न जाता स्वयंपाकघरात माझ्याकडे आली. ती म्हणाली, "वहिनी, तीन दिवस दार उघडं ठेवा, आणि कोणाला हात लावू देऊ नका."